शेवटच्या पानावरचा प्रश्न

काल रात्री साडेअकराला लेकीने लॅपटॉप धाडकन मिटला आणि एक शब्द न बोलता खोलीत निघून गेली. मी उघडून पाहिलं. तीन आठवडे ती एका स्कॉलरशिपच्या अर्जासाठी राबत होती. दोन निबंध, त्यातला एक पाच वेळा पुन्हा लिहिलेला. दोन शिक्षकांच्या मागे लागून मिळवलेली शिफारसपत्रं. चार वर्षांच्या स्वयंसेवेचे तास वहीतून शोधून, मोजून भरलेले. आणि अर्जाच्या शेवटच्या पानावर प्रश्न: तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात की ग्रीन कार्डधारक? तिसरा पर्यायच नाही. दोन्हींना 'नाही' म्हटलं की लाल अक्षरांत एक ओळ येते, आपण पात्र नाही.

अरे, मग हे पहिल्या पानावर विचारा ना! सतरा वर्षांच्या मुलीकडून तिच्या आयुष्यातले सगळ्यात अवघड प्रसंग लिहून घ्यायचे आणि मग दार लावायचं, ही कुठली रीत?

आम्ही इथे आलो २०१२ साली, तेव्हा ती चार वर्षांची होती. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, आम्ही दोघी एच-४वर, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेल्या बायकामुलांच्या व्हिसावर. केजीपासून तिचं सगळं शिक्षण इथल्याच सरकारी शाळांत झालं. रोज सकाळी छातीवर हात ठेवून इथल्या झेंड्यापुढे प्रतिज्ञा म्हणत ती मोठी झाली. आणि कॉलेजच्या अर्जात तिच्या नावापुढे काय लागतं? 'इंटरनॅशनल स्टुडंट'. एका कॉलेजने तर तिच्याकडे टोफेलचा स्कोअर मागितला. का, तर पासपोर्ट भारतीय. जी मुलगी माझ्याशी मराठी बोलताना मध्येच अडखळून इंग्रजीत शिरते, तिने इंग्रजी येतं हे परीक्षा देऊन सिद्ध करायचं! शाळेची पत्रं, मार्कशीट्स, ईमेलवर ईमेल, तेव्हा कुठे ती अट काढली.

शाळेतल्या काउन्सेलरला एच-४ म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. "फाफ्सा भरा, सगळेच भरतात," म्हणे. फाफ्सा म्हणजे कॉलेजसाठी सरकारी मदत मागायचा अर्ज. सगळे भरतात, आम्ही नाही भरू शकत. केंद्र सरकारची मदत नागरिकांना, ग्रीन कार्डवाल्यांना, निर्वासितांना आणि आणखी काही ठरावीक गटांना. एच-४ त्या यादीत नाही. तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथे नोकरीला लागणारा सरकारी क्रमांकसुद्धा नाही, कारण एच-४वरच्या मुलांना कामाची परवानगी नाही. अनुदान नाही, सरकारी कर्ज नाही, वर्क-स्टडी, म्हणजे सरकारी मदतीतून मिळणारं शिकता-शिकता काम, तेही नाही. खासगी कर्जाला गेलात की बहुतेक जण को-सायनर, म्हणजे सही करणारा हमीदार मागतात, तोही नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला. कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, सही द्या म्हणून?

तिचा धाकटा भाऊ इथे जन्मला, म्हणून तो इथला नागरिक. त्याच घरातला, त्याच ताटात जेवलेला, त्याच आईबापांचा मुलगा. उद्या तो सतरा वर्षांचा झाला की फाफ्साही भरेल आणि काल जिने त्याच्या ताईला हाकललं ती स्कॉलरशिपही मागेल. त्याला मिळावंच, माझा तोही पोटचाच आहे. पण त्याच्यासमोर तिला काय सांगू?

लोक म्हणतात, मग ग्रीन कार्ड का नाही घेतलं एवढ्या वर्षांत? या प्रश्नाने माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नवऱ्याचा अर्ज मंजूर होऊन कितीतरी वर्षं झाली, घोडं पेंड खातंय ते रांगेत. नोकरीच्या वाटेने वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं, त्यातच बायकामुलंही धरलेली, आणि कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा. देश केवढा, अर्ज किती, याचा काही संबंध नाही. रांग कुठल्या तारखेच्या अर्जांपर्यंत आली ते सांगणारं सरकारी व्हिसा बुलेटिन दर महिन्याला उघडायचं, तारीख दोन आठवडे पुढे सरकली की आनंद मानायचा आणि कधी ती मागे गेली की गप्प बसायचं. कर मात्र वेळच्या वेळी. सोशल सिक्युरिटीसाठी, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनसाठीही पगारातून पैसे कापले जातात, दर वेळी.

तिच्या वर्गातली मुलं सुट्टीत आइस्क्रीमच्या दुकानात, पोहण्याच्या तलावावर काम करतात, चार पैसे साठवतात. तिला कायद्याने एक डॉलर कमावता येत नाही. आणि अर्जात रकाना असतोच: कामाचा अनुभव. रिकामा रकाना वाचणाऱ्याला काय कळणार की ही पोर आळशी नाही, तिला परवानगीच नाही?

परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली तर बऱ्याच कॉलेजांत तेच प्रवेशाच्या आड येतं. परदेशी विद्यार्थ्यांचीही निवड पैशांचा विचार न करता करणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट अशी मोजकीच नावं, आणि तिथे प्रवेश मिळणं किती कठीण ते सांगायला नको. आपल्याच राज्याच्या विद्यापीठात तरी स्थानिक फी लागेल का? ते राज्याराज्यावर. कागद पाठवलेत, उत्तर नाही.

आणि हे सगळं जमलं तरी एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. त्याआधी एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जायचं, नाहीतर देश सोडायचा. एफ-१साठी सांगावं लागतं की शिक्षण झालं की मी मायदेशी परत जाणार. कुठल्या मायदेशी? चार वर्षांची असताना सोडलेल्या घराचा तिला फक्त जिना आठवतो! अशी दोन-अडीच लाख मुलं असल्याचा अंदाज आहे. त्यांच्यासाठी 'अमेरिकाज चिल्ड्रन अ‍ॅक्ट' नावाचा कायद्याचा प्रस्ताव इथल्या संसदेत २०२१ मध्ये मांडला, २०२३ मध्ये पुन्हा मांडला. कायदा काही झाला नाही. दरम्यान मुलं वाढतात, वय कुणाची वाट बघत नाही.

"कॅनडाला पाठवा" म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, तुमचं लेकरू बारावीत असताना त्याला सांगून बघा.

आज सकाळी ती माझ्याआधी उठली होती. नवीन एक्सेल शीट उघडलं होतं, पहिलाच रकाना: नागरिकत्वाची अट. यादीतल्या एकेचाळीस स्कॉलरशिपांपैकी सहा उरल्या. त्यातल्या दोघांनी अट कुठेच लिहिलेली नाही, म्हणून त्यांना तिने ईमेल टाकलाय, एच-४ चालतं का विचारायला. उत्तर येईपर्यंत निबंधाला हात लावू नकोस, असं मी तिला सांगितलंय.