मूठभर कणीक

आज चौथा दिवस. पेज, ओआरएस, पुन्हा पेज. सकाळी जरा हुशारी वाटली म्हणून फोन हातात घेतला, तर नातेवाईकांच्या ग्रुपवर एकीचा मेसेज: "मूठभर कणकेनं एवढं काय होतं? आमच्या वेळी असले आजार नव्हते. त्या बिचाऱ्या एवढं प्रेमानं करतात, त्याचं काहीच नाही." खाली चार अंगठे. तेव्हापासून डोकं फिरलंय. तिथे उत्तर दिलं तर भांडण होईल, म्हणून इथे लिहितेय. मला सिलिअ‍ॅक हा आजार आहे, गहू अजिबात चालत नाही. मी नाटकं करणाऱ्यातली नाही, हे इथे कुणाला सांगायला नको.

झालं असं. रविवारी पंचवटीत काकूंकडे सत्यनारायण होता. काकू म्हणजे माझ्या चुलत सासूबाई, वय बहात्तर, अजूनही रोजच्या भाकऱ्या स्वतः थापतात. तीस-पस्तीस माणसांचं जेवण आचाऱ्याकडे होतं. पण "तुझं मी घरात वेगळं करते, डबाबिबा आणायचा नाही" असं आठ दिवस आधीच फोन करून त्यांनी बजावलं होतं. गेल्या गेल्या मी स्वयंपाकघरात शिरले आणि विचारलं. दरवेळी विचारते. हिंग कुठला, कढई वेगळी घेतली का, भाकरी कशाची. "अगं ज्वारीचीच आहे, बघ तरी," म्हणत त्यांनी टोपलीवरचं फडकं उचललं. वाफाळती पांढरी भाकरी, पापुद्रा टम्म सुटलेला, कडेला एकसुद्धा चीर नाही. मी दीड खाल्ली. प्रसादाचा शिरा हातावर घेतला, कपाळाला लावला आणि नेहमीसारखा नवऱ्याच्या हातावर ठेवला. रवा म्हणजे गहूच, एवढं मला कळतं.

चार वाजता निघालो. द्वारका चौकाच्या गर्दीत पोटात पहिली कळ आली. मुंबई नाक्याला घाम फुटला. इंदिरानगरला पोहोचलो तर जिन्यातच उलटी. पुढचं सगळं लिहीत नाही. एवढंच सांगते की रात्री दोन वाजता मी बाथरूमच्या फरशीवर बसून होते, कारण पलंगापर्यंत जाऊन परत यायला सवड मिळत नव्हती. सोमवारी पोट जरा थांबलं तर अंग मोडून आलं. मोबाइलवर आलेला ओटीपी वाचायचा आणि टाकायला जाईपर्यंत विसरायचा, अशी अवस्था.

सोमवारी संध्याकाळी काकूंचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, मग आवाज उतरला. "पिठाची विरी गेली होती गं. थापायला घेतली की तुटायची. म्हणून मूठभर कणीक घातली. मूठभरच."

ज्यांनी भाकऱ्या थापल्यात त्यांना हे लगेच समजेल. पीठ जुनं झालं की विरी जाते, चिकटपणा राहत नाही, आणि मग जरा कणीक मिसळली की भाकरी सुंदर होते. बायका पिढ्यान्‌पिढ्या हे करत आल्यात. आता वाटतं, ती न चिरलेली कड बघूनच मला संशय यायला हवा होता. पण मी विचारलं होतं हो! तोंडानं, स्पष्ट, भाकरी कशाची आहे म्हणून विचारलं होतं!

आणि त्या कणकेतला जो चिकटपणा भाकरीला धरून ठेवतो, तोच ग्लूटेन. तोच मला चालत नाही. सिलिअ‍ॅक म्हणजे पथ्य नाही, आवडनिवड नाही, पोटाचा नाजूकपणा नाही. गव्हातलं, जवातलं ग्लूटेन पोटात गेलं की माझ्या शरीराची रोगप्रतिकारशक्ती माझ्याच लहान आतड्यावर चालून जाते. आतड्याच्या आत मखमलीसारखी लव असते, अन्नातलं सत्त्व ती शोषून घेते. ती झडते, सपाट होते. मग कितीही खा, अंगी लागत नाही. यावर औषध नाही. ग्लूटेन जन्मभर बंद, हाच एक उपाय.

मला हे कळलं २०१६ मध्ये. त्याआधी सहा वर्षं लोहाच्या गोळ्या खाल्ल्या. हिमोग्लोबिन सातच्या वर जायला तयार नव्हतं आणि जो तो म्हणायचा, बायकांना असतंच असं. केस गळत होते, तोंड येत होतं, मुलाला कडेवर घेऊन एक जिना चढवत नव्हता. शेवटी एका डॉक्टरांना शंका आली. रक्ताची टीटीजी तपासणी झाली, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा नाव मिळालं. गहू सोडल्यावर दीड वर्षानं हिमोग्लोबिन बारा झालं. मी पुन्हा माणसात आले. ते दिवस मला परत नकोत, म्हणून मी विचारते. दरवेळी, प्रत्येकाला, कंटाळा येईपर्यंत विचारते.

"एवढ्याशानं काय होतं" म्हणणाऱ्यांनी जरा हिशेब करून बघावा. आपल्या देशात पाकिटावर ‘ग्लूटेन फ्री’ लिहायचं असेल तर एका किलोत २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन असून चालत नाही. मूठभर कणीक म्हणजे तीस-चाळीस ग्रॅम. त्यात ग्लूटेन साधारण तीन ग्रॅम. हे तीन ग्रॅम त्या मर्यादेत बसवायचे तर दीडशे किलो पिठात मिसळावे लागतील. दीडशे किलो! काकूंच्या परातीत पीठ होतं सहा भाकऱ्यांचं.

आणि आमच्या वेळी असले आजार नव्हते म्हणे. होते, फक्त नाव माहीत नव्हतं. लंडनच्या एका डॉक्टरनं १८८८ मध्येच याचं वर्णन करून ठेवलंय. पुढे हॉलंडमध्ये डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञांना गव्हाचा संशय होताच. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिथे लोकांना खायला अन्न नव्हतं, पाव मिळेना. माणसं उपाशी होती आणि या आजाराची मुलं मात्र सुधारायला लागली. पाव परत आला आणि ती पुन्हा आजारी पडली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडले होते. आपल्याकडेही "मूल अंगाला धरत नाही, पोट धरत नाही" म्हणत कितीतरी पोरं गेली असतील, त्यांचा हिशेब कुणी ठेवला?

सगळ्यात जास्त कशाचा राग येतो माहितीये? "तू तर एवढी काळजी घेतेस, मग झालंच कसं?" या प्रश्नाचा. परवा ऑफिसातूनही हाच प्रश्न. म्हणजे चूक माझीच, फक्त ती कुठे झाली तेवढं शोधायचं. अहो, मी काळजी घेते म्हणजे काय काय करते ते ऐका. घरी घरघंटी घेतली, कारण गिरणीत आधीच्या माणसाचे गहू निघतात आणि त्याच जात्यात माझी ज्वारी पडते, पहिलं पीठ निम्मं त्याचंच असतं. आमच्या घरघंटीत गव्हाचा दाणा पडलेला नाही. नवरा आणि मुलगा पोळ्या बाहेरून आणतात, त्यांचं ताट वेगळं, ते घासायची घासणीसुद्धा वेगळी. हिंग घेताना डबीमागची बारीक अक्षरं वाचते, कारण बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो. त्याच हिंगामुळे पापड बंद. भजी बंद, कारण त्याच तेलात कचोरी तळलेली असते. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला रविवारी सकाळी सगळं नाशिक मिसळीवर तुटून पडलेलं असतं, तेव्हा मी समोर चहा घेऊन बसते. पाव नको म्हणून भागत नाही, पाव मोडणारा हातच शेवेच्या डब्यात जातो. नाशिकच्या मुलीनं मिसळ सोडलीय, अजून काय करायचं राहिलंय सांगा.

तरी लोक विचारतात, रवा चालतो ना? शेवया तरी? बरं, मैदा? एका लग्नात तर "ताकद येईल" म्हणून सातूच्या पिठाचा लाडू हातावर ठेवला होता. सातूत एक तर गहू असतो नाहीतर जव, माझ्यासाठी दोन्ही विषच.

हो, आजकाल काही जण वजन उतरवायला ग्लूटेन सोडतात, आठवड्यानं पिझ्झा खातात, त्यामुळे लोकांचा विश्वास उडालाय हे मान्य. आणि हो, मी डबा न्यायला हवा होता. पण बहात्तर वर्षांच्या बाईनं आठ दिवस आधी फोन करून सांगावं आणि मी तिच्या पूजेला डबा घेऊन जावं? तेव्हाही याच ग्रुपवर बोलणं झालं असतं, फक्त शब्द वेगळे असते.

मला काकूंचा राग नाही. आधी आला होता, खोटं कशाला बोलू. सोमवारी फोन ठेवल्यावर मी उशीत तोंड खुपसून रडले. पण तुटणारी भाकरी त्यांना माझ्या ताटात वाढवेना, एवढंच होतं ते. माझ्यासाठीच ती चांगली व्हावी म्हणून घातलेली कणीक. मला फक्त इतकंच हवं होतं की त्यांनी सांगावं. "अगं, जरा कणीक घातलीय" हे चार शब्द. मी वरणभात खाल्ला असता, तूप घालून, पोटभर. वेगळं काही करू नका, नवीन भांडी आणू नका. काय घातलंय तेवढं खरं सांगा. लोक वाईट वाटेल म्हणून सांगत नाहीत आणि मग माझ्या चार रजा जातात, आतड्याची लव झडते. ती भरून यायला परत किती महिने, कुणास ठाऊक.

इथवर लिहून फोन ठेवला होता, कारण काकू आल्या. पंचवटीहून एकट्या, रिक्षानं, या उन्हात. दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात. हातात कापडी पिशवी. "नवी ज्वारी आणलीय. निवडलेली नाही, दळलेली नाही. तूच निवड, तुझ्या घरघंटीत दळ. मी नुसती थापते. आणि पाणीही तुझंच."

मी ज्वारी निवडली, त्या समोर बसून बघत राहिल्या. पीठ पडलं तेव्हा त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि विचारलं, "परात कुठली घेऊ?" मी दाखवली. त्यांनी ती स्वतः पुन्हा धुतली, नवीन घासणीनं. आधण ठेवलं, उकळतं पाणी पिठात ओतून उलथन्यानं कालवलं, हाताला चटके बसत होते तरी मळत राहिल्या. "रविवारीपण हेच करायला हवं होतं," म्हणाल्या. "घाई केली."

ग्रुपवरचा मेसेज त्यांनी बघितलाय की नाही, मी विचारलं नाही.

भाकरी झाली. कड दोन ठिकाणी चिरली होती. त्यांनी ती चीर मला बोटानं दाखवली. मी दुधात कुस्करून चतकोर खाल्ली.