निकालाच्या संध्याकाळी वाजलेला डीजे

मंगळवारी संध्याकाळी आमच्या तालुक्याच्या बस स्टँडवर डीजे वाजला. गुलाल उधळला, फटाक्यांची माळ लागली. मी दूध घ्यायला निघाले होते. माझ्याच वर्गात शिकलेला एक मुलगा गुलालाच्या हातांनी माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "बाई, मास्तर सुटी गया!"

विद्यार्थिनीशी गैरवर्तन केल्याचा आरोप असलेल्या एका शिक्षकाची विशेष न्यायालयाने निर्दोष मुक्तता केली, त्याची ही मिरवणूक. खटला चार वर्षं चालला. गावाचं आणि शाळेचं नाव मी लिहिणार नाही, कमेंटमध्येही कुणी लिहू नका. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा. त्याचं कलम २३ मुलीचं नाव, पत्ता, फोटो, घरच्यांची माहिती, शाळा, शेजार, यांतलं काहीही माध्यमांतून उघड करायला मनाई करतं. त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. आरोपी सुटला म्हणून ही मनाई उठत नाही. तरी रात्री जेवणं होईपर्यंत "अमक्या गल्लीतल्या अमक्याची पोर" हे माझ्या फोनवरच्या तीन ग्रुपांत येऊन गेलं होतं.

एका ग्रुपवर लिहिलं होतं, "पोरनी खोटं बोलनी व्हती, आते समजनं." त्याखाली अंगठे आणि हात जोडलेले. दुसऱ्यावर, "सगळं मॅनेज झालं, पैसा बोलला." तिसऱ्यावर तर मास्तर कुठल्या समाजाचा आणि मुलगी कुठल्या, एवढ्यावरच माणसं दोन बाजूंना उभी राहिली. मी एकच प्रश्न टाकला, निकालपत्र कुणी वाचलंय का? उत्तर आलं नाही. एका ओळखीच्या शिक्षकांनी मात्र खासगीत कळवलं, "बाई, तुम्ही यात पडू नका."

मी यात पडणार आहे. एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापक म्हणून. याच्यात मी नाही पडायचं तर कुणी पडायचं?

ओळखीच्या वकीलताईंकडे बसून मी निकालपत्र वाचलं. मुलगी खोटं बोलली असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. तक्रार द्यायला जवळपास महिना लागला, त्याचं कारण सरकार पक्षाला समाधानकारक सांगता आलं नाही. पोलिसांपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष यांत तारखा जुळल्या नाहीत. दोन साक्षीदार फितूर झाले. शाळेचं हजेरीपत्रक तपासात वेळेवर ताब्यातच घेतलं गेलं नाही. म्हणून आरोप संशयापलीकडे सिद्ध झाला नाही आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळाला. आरोपीला तो मिळायलाच हवा. उद्या माझ्या भावावर आरोप झाला तर मीही हाच न्याय मागेन.

त्या खोलीत काय घडलं हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. कोर्टाने पुरावा तोलला आणि तो कमी भरला. एवढ्यावरून मुलीला खोटारडी ठरवता येत नाही. आणि ज्याच्यावर गुन्हा सिद्ध झाला नाही त्याला "नराधम" म्हणायचाही कुणाला हक्क नाही. दोन्ही लिहिणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, थांबा.

"आता पोरीवर आणि तिच्या बापावर केस टाका" असंही काहीजण म्हणताहेत. खोट्या तक्रारीसाठी पोक्सोत कलम २२ आहे, खरं आहे. पण तक्रार मुद्दाम, त्रास द्यायला किंवा बदनामीसाठी केली हे वेगळं सिद्ध करावं लागतं. केस सुटली म्हणून तक्रार आपोआप खोटी ठरत नाही. तक्रार अल्पवयीन मुलाने किंवा मुलीने केली असेल, तर त्या लेकराला या कलमाखाली शिक्षाच नाही. कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं की तशी भीती घातली तर एकही लेकरू तोंड उघडणार नाही. आणि मुलीच्या बाजूच्यांसाठी सांगते, वरच्या कोर्टात अपील करायचा हक्क पीडितेलाही आहे. तिच्यासाठी खरंच जीव तुटत असेल तर त्या कामात तिच्या आईबापाला मदत करा. कुणाचं घर फोडायची भाषा करून तिला काही मिळणार नाही.

हे प्रकरण मला इतकं का लागलं, ते आता सांगते. आजवर घरातसुद्धा पूर्ण बोलले नव्हते.

२००३ ची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या एका शाळेत होते. सहावीतली एक मुलगी, नेहमी पहिल्या बाकावर बसणारी, एकदम मागे जाऊन बसायला लागली. गणिताच्या तासाला तिचं पोट दुखायचं. मी तिला ओवा दिला, घरी पाठवलं, आणि मला काही कळलं नाही. पंधरा दिवसांनी तिची आई कापूस वेचणीचा खाडा करून शाळेत आली. ओट्यावर बसली, पदर तोंडाला लावला आणि सगळं सांगितलं. मी वरिष्ठांकडे गेले. ते म्हणाले, "बाई, शाळेचं नाव जाईल. मुलीचंही लग्न व्हायचंय." महिन्याभरात त्या शिक्षकाची बदली झाली. आम्ही त्याला न्याय समजलो. ते गृहस्थ ज्या नव्या शाळेत गेले तिथेही सहावीचा वर्ग होता. हा विचार मला पुढे कित्येक रात्री झोपू देत नव्हता, पण तेव्हा, सही करताना, तो माझ्या मनात आलाच नाही. ती मुलगी सातवीत आलीच नाही. मी तिच्या घरी एकदाही गेले नाही.

तेव्हा पोक्सो नव्हता, तो १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला. आज असं कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने दडवलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. आजच्या हिशेबाने मी आणि माझे वरिष्ठ दोघेही आरोपी झालो असतो. तक्रारीला महिना का लागला, हे मला कुणी समजावून सांगायला नको. त्या आईला एक वेचणी बुडवायला पंधरा दिवस लागले होते.

पुरुष शिक्षकांची भीतीही मला कळते. माझ्या एका सहकाऱ्याने कॉपी पकडली म्हणून त्याच्यावर असाच आरोप झाला होता. सांगितलेल्या दिवशी तो निवडणुकीच्या कामावर दुसऱ्या तालुक्यात होता, म्हणून वाचला. पण त्याने मुलींच्या वह्या तपासायचं कायमचं सोडलं. आता सुटलेल्या या शिक्षकाचीही चार वर्षं गेली. निलंबन, निर्वाह भत्ता, तारखेला कोर्टात जाणं. त्याच्या मुलाला वर्गात काय काय ऐकावं लागलं असेल. म्हणूनच म्हणते, खटला लांबणं हा दोघांवरही अन्याय आहे. कायदा म्हणतो शक्यतो एका वर्षात निकाल लावा. इथे चार लागले. चार वर्षांत मुलगी मोठी झाली, साक्षीदारांची शेतं आणि सोयरीकी त्याच गावात राहिल्या. मग फितुरीचं नवल काय? मिरवणुकीत कुणी विचारलं का, हजेरीपत्रक वेळेवर का घेतलं नाही? ग्रुपवर शिव्या देणाऱ्यांनी तरी विचारलं का?

१९९४ ला जळगावचं प्रकरण, मुलींचं लैंगिक शोषण आणि ब्लॅकमेलिंगचं, बाहेर आलं तेव्हा मी नोकरीत नवीन होते. पुढे येऊन तक्रार देणाऱ्या मुली फार थोड्या निघाल्या. आपल्याकडे मात्र वर्षानुवर्षं "जळगावची मुलगी नको" म्हणत स्थळं परत गेली. ज्यांनी केलं त्यांच्या सोयरीकी अडल्याचं मी ऐकलं नाही. खान्देशात "गुरुजी" हा शब्द फार मोठा आहे. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० अमळनेरच्या शाळेत शिकवलं, वसतिगृहातल्या पोरांना आईची माया दिली, तेव्हापासून या मातीत शिक्षकाला लोक देवाच्या जवळ बसवतात. मला त्या मानाचा लाभ एकतीस वर्षं मिळाला. त्याच मानामुळे लेकराचा शब्द हलका पडतो, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

ती मुलगी आता गावात नाही, याहून जास्त मी लिहिणार नाही. तिचं शिक्षण नववीनंतर थांबलं. निकाल तिला कुणी सांगितला, कसा सांगितला, तेव्हा जवळ कोण होतं, हे तीन ग्रुपांतल्या साडेपाचशे माणसांपैकी एकानेही विचारलं नाही.

शाळांत आता तक्रारपेटी आहे, मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती आहे, १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर भिंतीवर रंगवलेला आहे. पालकांनो, या समितीची बैठक शेवटची कधी झाली ते शाळेत जाऊन विचारा. पेटीची किल्ली कुणाकडे असते तेही विचारा. मी सोमवारी आमच्या शाळेत जाणार आहे.

आणखी एक. त्या शिक्षकाचा हार घातलेला मोठा फोटो आणि "सत्याचा विजय" असं लिहिलेला बॅनर शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बरोबर वळणावर लावलाय. सकाळी सव्वासहाला आठवी-नववीच्या मुली सायकलवरून त्याच्याखालून जातात. त्यांच्यातल्या एखादीला उद्या काही सांगायचं असेल, तर ती बॅनर वाचून काय ठरवेल? लावणाऱ्या पोरांत दोघे माझे विद्यार्थी. मी बुधवारी त्यांना घरी बोलावलं, चहा दिला आणि एवढंच विचारलं. दोघं खाली मान घालून बसले. मग मोठा म्हणाला, "सकाय काढी टाकसूत, बाई." म्हणजे उद्या काढून टाकू.

आज शनिवार. सकाळी मी पाहून आले, बॅनर अजून तिथेच आहे. संध्याकाळी मी शिडी घेऊन जाते आहे. येणाऱ्यांनी साडेपाचला वळणावर या.