‘सगळं विका, शांत झाल्यावर परत या’ या सल्ल्याला उत्तर

बाजार घसरायला लागला की एक संदेश सोसायटीच्या गटापासून निवृत्त सहकाऱ्यांच्या गटापर्यंत सगळीकडे फिरू लागतो. गोषवारा असा: देशाचा विकासदर मंदावलाय, परकीय गुंतवणूकदार पैसे काढून चाललेत, लोक एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणं) बंद करताहेत; तेव्हा शेअर आणि म्युच्युअल फंड विकून सगळी रक्कम एफडी आणि सोन्यात टाका, बाजार शांत झाला की परत या. लिहिणाऱ्याची काळजी खरी असेल. पण हे वाचून माणसं घाबरून विकतात आणि परत फिरकत नाहीत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी विकासदर. जुलै-सप्टेंबर २०२४ या तिमाहीत तो ५.४ टक्क्यांवर आला, आणि तो धक्का मोठा होता. मात्र हा आकडा जाहीर झाला २९ नोव्हेंबरला. तोवर निफ्टी, म्हणजे ५० मोठ्या कंपन्यांच्या शेअरचा निर्देशांक, सप्टेंबरच्या उच्चांकावरून जवळपास ८ टक्के उतरून २४,१३१ वर आलेला होता. म्हणजे बातमी आली तेव्हा निम्मी घसरण होऊन गेली होती. बातमीनंतरही तो फेब्रुवारीअखेर २२,१२४ पर्यंत गेला, हे मान्य. मग आकडा पाहून विकणारा शहाणा ठरला का? जानेवारी-मार्च २०२५ चा ७.४ टक्के हा चांगला आकडा आला ३० मे रोजी, आणि त्या दिवशी निफ्टी होता २४,७५० वर. विकासदर पाहून बाहेर पडलेला आणि विकासदर पाहूनच परतलेला माणूस विकलं त्यापेक्षा महाग घेऊन बसला, वर कर वेगळा. २०२० मध्ये तर हे अंतर फारच मोठं होतं. एप्रिल-जूनमध्ये अर्थव्यवस्था २३.९ टक्क्यांनी आकसली, हे ३१ ऑगस्टला कळलं. निफ्टी तोपर्यंत २३ मार्चच्या ७,६१० वरून सुमारे ५० टक्के वर गेला होता. जीडीपीचा आकडा होऊन गेलेल्या तिमाहीचा असतो, बाजारभाव पुढच्या अपेक्षांवर ठरतो.

परकीयांच्या विक्रीबद्दल थोडक्यात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी विक्रमी विक्री केली, हे खरं. पण त्याच काळात एसआयपीतून दरमहा २५,००० कोटींहून अधिक रुपये येत होते, आणि मार्च २०२५ अखेर सूचीबद्ध कंपन्यांमधला देशी संस्थांचा वाटा परकीय संस्थांपेक्षा जास्त झाला. ‘१०९ टक्के एसआयपी बंद’ हा जानेवारी २०२५ चा आकडाही चुकीच्या अर्थाने फिरवला गेला. त्या महिन्यात नव्याने सुरू झालेल्या १०० एसआयपींमागे १०९ बंद झाल्या, मुदत संपलेल्याही त्यातच मोजलेल्या. जमा झालेली रक्कम तरीही २६,४०० कोटी होती.

आता एफडी आणि सोनं, कारण संदेशातला सर्वांत पटणारा भाग हाच आहे. विकास मंदावतो तेव्हा रिझर्व्ह बँक बहुधा व्याजदर उतरवते. फेब्रुवारी ते जून २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आला आणि पाठोपाठ एफडीचे दर उतरले. म्हणजे मंदीच्या भीतीने सगळी रक्कम एफडीत गेली, तर नूतनीकरणाच्या वेळी कमी व्याज हाती येतं, आणि त्या व्याजावर तुमच्या उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर लागतो. ठेव विम्याचं संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते; मुंबईतल्या ठेवीदारांच्या तेव्हाच्या रांगा अनेकांना आठवत असतील. एफडी वाईट नाही, सगळं एकाच जागी ठेवणं वाईट. सोन्याचंही तसंच. २०११ मध्ये औंसाला १,९०० डॉलरवर गेलेलं सोनं २०१५ च्या अखेरीस १,०५० च्या आसपास होतं. रुपया घसरल्याने आपल्याला त्याची झळ कमी बसली, एवढंच. आणि दागिने घेतले तर घडणावळ, जीएसटी, विकताना तूट. सोन्याला एकूण गुंतवणुकीत दहा टक्क्यांच्या आसपास जागा असावी, असं माझं मत आहे, तेही ईटीएफमधून, म्हणजे शेअरसारख्या बाजारात विकत घेता येणाऱ्या सोन्याच्या फंडातून.

‘शांत झाल्यावर परत या’ हे वाक्य मला सर्वांत घातक वाटतं. बाजार शांत झाल्याची घोषणा कोणी करत नाही. मोठ्या तेजीचे दिवस घसरणीच्या गर्दीतच येतात: २३ मार्च २०२० ला निफ्टी १३ टक्के कोसळला आणि ७ एप्रिलला, टाळेबंदी चालू असतानाच, पावणेनऊ टक्के वर गेला. त्यात विकताना खर्च आहेच. वर्षाच्या आतल्या नफ्यावर २० टक्के कर, त्यानंतरच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापुढे १२.५ टक्के.

तरी संदेशातली भीती सर्वस्वी चुकीची नाही. मुलीच्या प्रवेशाची फी दोन वर्षांत भरायची असेल, तर ती रक्कम शेअर बाजारात नकोच. विकासदर ८ टक्के असला तरी नको. निवृत्त माणसाने किमान तीन वर्षांचा घरखर्च ज्येष्ठ नागरिक बचत योजना, एफडी, लिक्विड फंड (अगदी अल्प मुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणारे फंड) अशा ठिकाणी आधी बाजूला काढावा, कारण पडत्या बाजारात खर्चासाठी फंडाचे युनिट विकावे लागले, तर बाजार सावरला तरी ते युनिट परत येत नाहीत. सगळी रक्कम स्मॉलकॅप, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या, फंडांत असेल तर ती कमी करायलाच हवी. २०२५ च्या सुरुवातीला स्मॉलकॅप निर्देशांक शिखरावरून २० टक्क्यांहून जास्त घसरले होते. सावरायला वेळही लागू शकतो. जपानच्या निक्केई या शेअर निर्देशांकाला १९८९ चा उच्चांक ओलांडायला २०२४ उजाडलं.

म्हणून विकासदराऐवजी पैसे कधी लागणार ते बघून हिस्से ठरवा आणि वर्षातून एकदा ते जुळवा. समजा १० लाखांपैकी ६ लाख शेअर फंडांत आणि ४ लाख सुरक्षित योजनांत आहेत. शेअर २५ टक्के पडले, तर साडेचार लाख उरतात. एकूण साडेआठ लाख, म्हणजे घट १५ टक्क्यांची. ६०-४० चं प्रमाण परत आणायला सुरक्षित बाजूचे ६० हजार शेअर फंडांत न्यावे लागतील. फिरणारा संदेश त्याच दिवशी तुम्हाला साडेचार लाख उलट दिशेने न्यायला सांगतो.