काकांना घरी आणा

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय. साताऱ्याच्या काकांचा कॅन्सर यकृतात पसरलाय. आता उपचारांचा उपयोग नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. तरी पुन्हा आयसीयूत ठेवायचं की घरी आणायचं, यावर भावंडांत दोन तट पडलेत. मी लिहिलं, "घरी आणा, नर्स बघा." त्यावर दादाचं उत्तर आलं, "तुमच्याकडे म्हातारी माणसं नर्सवर सोपवायची पद्धत असेल. आम्ही शेवटपर्यंत प्रयत्न करणार."

हे मला फार झोंबलं. माझ्या सासूबाई इथे इंग्लंडात, लेस्टरला, आमच्याच पुढच्या खोलीत गेल्या. तब्येत ढासळली तर कोणते उपचार करायचे, कोणते नाहीत, हे लिहून ठेवणारा रिस्पेक्ट फॉर्म त्यांनी शुद्धीत असताना, जीपीसमोर, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरसमोर, स्वतः ठरवून भरून घेतला होता. रोज येणारी डिस्ट्रिक्ट नर्स केरळातल्या कोट्टायमची. सिरिंज ड्रायव्हरमध्ये, म्हणजे सुईतून हळूहळू औषध सोडणाऱ्या छोट्या यंत्रात, चोवीस तासांचं वेदनाशामक मॉर्फिन भरायचं, सुई टोचलेली जागा लाल झालीय का बघायचं, हे तिचं काम. पण त्याआधी ती पलंगाशी गुडघ्यावर बसून आईंशी बोलायची. त्या डोळे मिटून असल्या तरी.

तिने काय सोपवून घेतलं? उलट आम्हालाच सगळं शिकवलं. पाठ घासली न जाता कूस कशी बदलायची, टाचा गादीवर टेकू नयेत म्हणून उशी कुठे ठेवायची. देव्हाऱ्यातला गंगाजलाचा गडू बघून तिने विचारलं, "यानेच तोंड ओलं करूया का?" गिळता येत नव्हतं, म्हणून मऊ ब्रश त्यात बुडवून, निथळून, ओठांच्या आतून फिरवायला मला दाखवलं. आईंची जीभ हलली. शेवटी श्वास घरघरेल, मध्येच थांबेल, तेव्हा घाबरून अँब्युलन्ससाठी ९९९ लावू नका, आम्हाला फोन करा, हेही तिने आधीच सांगून ठेवलं होतं. नवरा औषधांच्या वेळांचा तक्ता घेऊन घरभर फिरायचा. तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला. म्हणाली, "हे मी बघते. तुम्ही आईजवळ बसा." तो बसला, आणि पहिल्यांदाच रडला.

दादा, याला प्रयत्न सोडणं म्हणायचं? काचेबाहेर खुर्चीवर बसून बिलं भरणं म्हणजे प्रयत्न, आणि आईच्या तोंडात गंगाजल घालणं म्हणजे हात झटकणं?

वहिनी म्हणते, तिथे सगळं फुकट आहे म्हणून तुला बोलायला सोपं. नर्सचं बिल आलं नाही, खरं आहे. पण इथली हॉस्पिसं, म्हणजे शेवटच्या आजारात शुश्रूषा करणाऱ्या संस्था, बरीचशी लोकांच्या देणग्यांवर आणि जुन्या कपड्यांच्या दुकानांवर चालतात. शनिवारी मीही त्या गल्ल्यावर उभी असते. आणि आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, पुण्यातल्या वारज्याचं सिप्लाचं तसंच केंद्र १९९७ पासून, तेही विनामूल्य. केरळात तर शेजारपाजारचे लोक शिकून घरोघरी जातात. सन्मानाने मरण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला. मॉर्फिनचे जाचक नियम २०१४ च्या कायदादुरुस्तीने सैल झाले. ज्या देशात मॉर्फिन जिच्यापासून बनतं ती अफू कायदेशीरपणे पिकते आणि निर्यात होते, तिथल्या तालुक्याच्या गावी कॅन्सरचा माणूस कण्हत पडतो, याची चीड मला लेस्टरमध्ये बसून येते. तुम्हाला तिथे बसून का येत नाही?

नर्सवर सोपवणं हा टोमणा तर मुंबईच्या मराठी माणसाने मारूच नये. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्याच नर्स अरुणा शानबाग तिथे झालेल्या हल्ल्यानंतर १९७३ ते २०१५ अंथरुणाला खिळून होत्या, आणि केईएमच्या नर्सेसनी त्यांना एक बेडसोर होऊ दिला नाही. आज तशा हातांची किंमत आपण काय करतो? आयसीयूचे लाख मोजताना हू की चू नाही, आणि घरी येणाऱ्या सिस्टरशी दिवसाच्या दोनशे रुपयांवरून घासाघीस. मग ती कोट्टायमहून उठून लेस्टरला येणारच.

दादाचं बोलणं इतकं लागलं त्याचं कारण त्या "तुमच्याकडे"त आहे. काकांच्या मांडीवर बसून मी बाराखडी गिरवली. आज त्यांच्याबद्दल मत द्यायला मी परकी ठरते. इथे आई गेल्या त्या पहाटे मला मिठीत घेणारी ती नर्सच होती, घरचं कुणी नव्हतं, आणि त्या मिठीत मला घरी असल्यासारखं वाटलं. हे ग्रुपवर लिहायचं धाडस झालं नाही. माझी वेळ येईल तेव्हा भोवती मराठी बोलणारं माणूस हवं की तिच्यासारखी नर्स हवी, असं कुणी विचारलं, तर मी नर्स म्हणेन. असं म्हणावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

काका शुद्धीवर आहेत. त्यांना अजून कुणी काही विचारलेलं नाही. वारज्याच्या केंद्राचा पत्ता मी काल वहिनीला पाठवलाय. आज संध्याकाळी ती काकांशी स्वतः बोलणार आहे.