घरपोच औषधं म्हणजे नकली? एका मेडिकलवाल्याचं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला, त्यातले दोन आमच्याच केमिस्ट लोकांचे. मजकूर थोडक्यात असा: ऑनलाइन औषधांवर कोर्टाची बंदी आहे, स्वस्त मिळतात म्हणजे नकली असतात, इन्सुलिन कुरिअरने येईपर्यंत खराब होतं आणि चिठ्ठी कुणी विचारत नाही; तेव्हा औषध गल्लीतल्या मेडिकलमधूनच घ्या. गल्लीतलं मेडिकल माझंच आहे. तरी तो पुढे पाठवायला हात धजला नाही.

बंदीचं आधी. डिसेंबर २०१८मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने थांबवली ती परवान्याशिवाय होणारी ऑनलाइन विक्री. मेसेजमधून ‘परवान्याशिवाय’ हा शब्द तेवढा गळलाय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राने ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा काढला आणि तो वर्षानुवर्षं मसुदाच राहिला, त्यामुळे गोंधळ आहे हे मान्य. पण २६ मार्च २०२०ला, लॉकडाउन लागल्या लागल्या, ई-मेलवर आलेल्या चिठ्ठीवरून परवानाधारक दुकानाने आपल्याच महसुली जिल्ह्यात औषध घरपोच द्यायला केंद्रानेच मुभा दिली. तेव्हा मी स्कूटरवरून बीपीच्या गोळ्या पोचवत होतो. त्या नकली आहेत असं कुणी म्हणालं नाही.

स्वस्त म्हणजे नकली, हे बोलणं तर आमच्यावरच उलटतं. छापील किंमत ही कमाल किंमत. तिच्याखाली विकायला मनाई नाही. सरकार ज्यांची किंमत ठरवतं त्या औषधांतही दुकानदाराचं १६ टक्के मार्जिन धरलेलं असतं. त्यातून सूट देता येते, मीही जुन्या गिऱ्हाइकांना देतो. नकलीची शंका असेल तर किमतीकडे नको, स्ट्रिपकडे बघा. ऑगस्ट २०२३पासून ठरावीक ३०० ब्रँडांवर क्यूआर किंवा बारकोड सक्तीचा आहे. तो स्कॅन करा. पावतीवरचा बॅच नंबर स्ट्रिपवरच्याशी जुळतो का पाहा. आणि पावतीच मिळाली नसेल तर पार्सल काय, काउंटर काय, जुळवणार कशाशी?

इन्सुलिनचा मुद्दा मात्र हसण्यावारी न्यायचा नाही. न उघडलेली व्हायल, म्हणजे इन्सुलिनची छोटी बाटली, २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. शेजारच्या काकूंचं पार्सल एकदा एप्रिलमध्ये वॉचमनच्या खुर्चीखाली दुपारभर पडलं होतं. उघडलं तर थंडाव्यासाठी ठेवलेला जेल पॅक पार कोमट झालेला. ती व्हायल मी त्यांना वापरू दिली नाही. उलटही होतं: गोठलेला पॅक व्हायलला थेट चिकटला तर इन्सुलिन गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी फेकायचंच. त्यामुळे घरी कुणी नसेल त्या दिवशी मागवू नका. आणि हो, माझ्याकडून फ्रिजमधली व्हायल घेऊन गाडीच्या डिकीत टाकणारेही आहेत. त्यांना कुरिअरची गरज नाही.

राहिली चिठ्ठी. काही ॲप ढिली आहेत, खरंय. पण ‘सेफिक्झिमची एक स्ट्रिप द्या’ हे मी काउंटरवर रोज ऐकतो. ते अँटिबायोटिक शेड्यूल एच१मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय न द्यायच्या आणि वेगळी नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीतलं. डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं, हे सगळं वेगळ्या रजिस्टरात लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं असा नियम आहे. मेसेज पाठवणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंनी ड्रॉवर उघडून आपल्या रजिस्टरातली शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघावं.