प्रक्रिया शुल्क शून्य, बाकी सगळे चालू

परळच्या भोईवाडा नाक्यावर, बंद पडलेल्या लाँड्रीच्या पायरीला लागून आमचा कट्टा आहे. दसऱ्याला 'गृहकर्जावर प्रक्रिया शुल्क शून्य' अशा एका बँकेच्या पानभर जाहिराती आल्या होत्या आणि त्या कट्ट्यावरच्या प्रत्येकाने पाहिलेल्या होत्या, त्यामुळे परवा रात्री सुहासने प्लास्टिकची जाडजूड फाईल पायरीवर आपटली तेव्हा ती कशाची आहे हे कुणालाही विचारावे लागले नाही. भांडुपचा ऐंशी लाखांचा फ्लॅट आणि त्यावरचे साठ लाखांचे कर्ज, हा विषय गेले चार महिने आमच्याकडे चहाइतकाच नियमित येत होता.

"प्रक्रिया शुल्क शून्य म्हणून मी या बँकेत गेलो, आणि व्याजाव्यतिरिक्त माझ्याकडून आतापर्यंत 34,758 रुपये गेले आहेत," सुहास म्हणाला. "आणि हे विमा सोडून."

मोडककाकांनी लगेच छत्री मांडीवर आडवी घेतली. काका एका बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झाले त्याला आता तेरा वर्षे झाली, पण बँक मात्र त्यांच्यातून अद्याप निवृत्त झालेली नाही. कुठल्याही बँकेविषयी कुणीही ब्र काढला की ते स्वतःच्या मुलीचे स्थळ नाकारले गेल्यासारखे दुखावतात. "शून्य म्हटलं ते प्रक्रिया शुल्काला म्हटलं," ते म्हणाले. "बाकीचे खर्च निराळे. सही करण्यापूर्वी कागद वाचायचे असतात, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगत असू."

"किती वेळ देऊन सांगत होता, काका?" दत्ताने विचारले. दत्ता एका सनदी लेखापालाच्या कार्यालयात गेली बावीस वर्षे इतरांचे हिशेब तपासतो आणि आमच्यात सर्वांत कमी बोलतो. तो बोलू लागला की मी स्वतः तरी मध्ये तोंड घालत नाही.

त्याने फाईल उघडून एकेक कागद दिव्याखाली धरला. वकिलाच्या शोध अहवालाचे आणि मूल्यांकनाचे मिळून आठ हजार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 9,440. 'दस्तऐवज हाताळणी' या नावाखाली पाच हजार आणि पुन्हा जीएसटी, म्हणजे 5,900. सरसाई, म्हणजे तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही, तिथल्या नोंदणीचे शंभर रुपये आणि त्यावर अठरा रुपये कर. आणि मग सर्वांत मोठी रक्कम, 18,000, जिच्यापुढे फक्त 'एमओडी' एवढेच लिहिलेले होते.

"ही मोड म्हणजे काय?" महेशने विचारले. "सुट्टे पैसे?"

"मोडककाकांचं लघुरूप," दत्ता शांतपणे म्हणाला, आणि काका सोडून सगळे हसले.

हसणे ओसरल्यावर मात्र त्याने ती बाब नीट उलगडून सांगितली, आणि ती मला नवीनच होती, कारण 2016 साली मी स्वतः कर्ज काढले तेव्हा असे काही भरल्याचे मला स्मरतही नाही. म्हणजे भरले असणार आणि मी विचारले नसणार. एमओडी म्हणजे 'मेमोरँडम ऑफ डिपॉझिट'. घराचा मूळ करारनामा तारण म्हणून बँकेकडे ठेवला जातो, त्या ठेवण्यावर महाराष्ट्र सरकार मुद्रांक शुल्क घेते. शेकडा तीस पैसे, म्हणजे साठ लाखांवर अठरा हजार. शिवाय 2013 पासून त्या तारणाची सूचना तीस दिवसांच्या आत दुय्यम निबंधकाकडे दाखल करावी लागते. तिचे हजार रुपये आणि वर कागद हाताळणीचे तीनशे. "हे 19,300 बँकेचे नाहीत, सरकारचे आहेत," दत्ता म्हणाला. "इथे काकांचं म्हणणं बरोबर आहे. पण जाहिरातीत शून्य एवढं मोठं छापायला जागा होती, तर त्याखाली हे एक वाक्य मावलं नसतं का?"

काकांना 'बरोबर आहे' एवढेच ऐकू आले. ते सावरून बसले आणि मुद्रांक शुल्काचा इतिहास सांगू लागले, तो मी येथे देत नाही.

सुहासचे खरे दुःख याहून मोठे होते आणि ते मुद्रांकाचेच होते, फक्त दुसऱ्या मुद्रांकाचे. ऐंशी लाखांच्या खरेदीखतावर मुंबईत सहा टक्के, म्हणजे चार लाख ऐंशी हजार, आणि नोंदणीचे तीस हजार. ही रक्कमही कर्जातच बसेल, असे तो मे महिन्यापासून गृहीत धरून चालला होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दहा लाखांवरच्या घराची किंमत धरताना मुद्रांक आणि नोंदणी त्यात मिळवता येत नाही, हे त्याला नोंदणीच्या आठ दिवस आधी कळले. मग भविष्य निर्वाह निधीतून उचल, आणि उरलेल्यासाठी मेहुण्यापुढे हात पसरणे, जे त्याने त्या आठ दिवसांत आयुष्यात प्रथमच केले.

"आणि फ्लॅट कुणाच्या नावावर?" महेशने मुद्दाम विचारले.

"दोघांच्या."

"वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतला असतास तर एक टक्का कमी पडला असता. ऐंशी हजार वाचले असते."

"तिनेही हेच सांगितलं होतं," सुहास म्हणाला. यावर कट्ट्यावर जी शांतता पसरली ती विवाहितांच्या कट्ट्यावरच पसरू शकते.

महेशने ती संधी साधून आपली स्वतःची कथा काढली. 2019 साली त्याने एका वित्तसंस्थेकडे अर्ज करताना 'लॉगिन फी' म्हणून पाच हजार आणि जीएसटी असे 5,900 रुपये भरले होते. तीन आठवड्यांनी इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून अर्ज फेटाळला गेला आणि पैसे परत मिळाले नाहीत. ही कथा आम्ही इतक्या वेळा ऐकली आहे की आता 5,900 रुपये त्याने आम्हाला द्यायला हवेत. पण त्यातला सल महेशला आजही टोचतो आणि तो अगदी अवास्तव आहे असेही नाही: भोगवटा प्रमाणपत्र आहे की नाही, हे पैसे घेण्याआधी विचारायला फक्त एक प्रश्न पुरला असता.

"तो प्रश्न अर्जदाराने स्वतःला विचारायचा असतो," काका म्हणाले. "आता तर रिझर्व्ह बँकेने सगळं एका कागदावर आणून ठेवलेलं आहे. मुख्य तथ्य विवरण! 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक किरकोळ कर्जदाराला ते द्यावंच लागतं, तेही त्याला समजेल अशा भाषेत, आणि विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस देऊन. आमच्या काळी असं काही नव्हतं. आता तक्रारीला जागाच उरलेली नाही."

दत्ताने फाईलमधून नेमका तोच कागद काढला आणि काकांच्या हातात दिला. "यात विमा दाखवा."

काकांनी चष्मा पुसला. कागदावर व्याजाचा वार्षिक एकंदर दर होता, हप्ते होते, वकिलाचे आणि मूल्यांकनाचे पैसे होते. विमा नव्हता. विम्याचा कागद फाईलच्या दुसऱ्या टोकाला होता, स्वतंत्र अर्ज म्हणून; त्यावरचा एकरकमी हप्ता 1,92,000 रुपये आणि तो कर्जातच मिळवलेला. वाटपाच्या दिवशी बँकेतल्या मुलाने चाळीसेक ठिकाणी फुल्या मारून सह्या घेतल्या, त्यांतली ती एक. सुहासने विचारलेही होते. "सगळेच घेतात, सर, याशिवाय सिस्टीम फाईल पुढे सरकवत नाही," असे उत्तर त्याला मिळाले होते.

"जे शुल्क या विवरणात नाही, ते ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही, हेही त्याच परिपत्रकात आहे ना, काका?"

"स्वतंत्र अर्जावर स्वतंत्र सही आहे. संमती यालाच म्हणतात."

"याला रांगेत उभं राहणं म्हणतात," दत्ता म्हणाला. "आणि रक्कम पाहा. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं म्हटल्यावर या एक लाख ब्याण्णव हजारांचा हप्ता महिन्याला 1,666 रुपये. वीस वर्षांत जवळजवळ चार लाख होतात. विमा मात्र दहा वर्षांचा. म्हणजे अकराव्या वर्षापासून सुहास अशा छत्रीचे हप्ते भरणार, जी तोवर फाटलेली असेल."

काकांनी नकळत स्वतःची छत्री जवळ ओढली.

एवढ्यावर थांबेल तो दत्ता कसला? त्याने खातेउतारा काढला. विक्रेत्याच्या नावाचा धनादेश ज्या तारखेचा होता, त्या तारखेपासून व्याज सुरू झाले होते. पण सोसायटीचा ना-हरकत दाखला सचिव गावाला गेल्यामुळे रखडला आणि धनादेश हातात पडला नऊ दिवसांनी. साठ लाखांवर दिवसाचे व्याज साधारण चौदाशे रुपये, नऊ दिवसांचे 12,575. काकांनी येथे खिंड लढवण्याचा शर्थीचा प्रयत्न केला. धनादेश तयार झाला की ती रक्कम ग्राहकासाठी बाजूला काढली जाते, तिच्यावर बँकेला अन्य उत्पन्न मिळत नाही, अशी मांडणी त्यांनी केली आणि ती चांगली पाच मिनिटे चालली.

दत्ताने ती पूर्ण ऐकून घेतली. "नऊ दिवस धनादेश बँकेच्या कपाटात होता," तो म्हणाला. "पैसे बँकेचे, कपाट बँकेचं आणि व्याज तेवढं सुहासचं. रिझर्व्ह बँकेने 29 एप्रिल 2024 ला याच प्रकारावर बोट ठेवलं आहे आणि असं घेतलेलं व्याज परत करायला सांगितलं आहे. तुमच्या संघटनेच्या मासिकात ते आलं नाही वाटतं."

"सावकार बरा होता म्हणायचा," महेश म्हणाला.

"सावकार बरा नव्हता," दत्ता त्याच्यावरही घसरला. "तोही शंभराचा रोखा लिहून घ्यायचा आणि हातावर टेकवताना त्यातून बट्टा काढायचा, लिहिणावळ काढायची. म्हणून तर 1875 साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे हिसकावून जाळले. आता रोखे सर्व्हरवर असतात, एवढाच फरक आहे."

"किरकोळ खर्च प्रत्येक व्यवहारात असतात," काका चिडून म्हणाले. "त्याचा एवढा बाऊ करायचा नसतो."

किरकोळ हा शब्द त्यांनी उच्चारायला नको होता. 2011 साली आमच्या गणेशोत्सव मंडळाचे खजिनदार मोडककाका होते, आणि त्या वर्षीच्या ताळेबंदात शेवटच्या ओळीवर 'इतर किरकोळ: रु. 3,340' अशी एक नोंद आहे, जिचा उलगडा आजतागायत झालेला नाही. दत्ता तेव्हा हिशेब तपासनीस होता. त्याने तो विषय काढला नाही, नुसते काकांकडे पाहिले.

"ती रक्कम कार्यकारिणीने मंजूर केली होती!" काका म्हणाले.

"हो. माझीही सही आहे त्यावर," दत्ता म्हणाला. "पहाटे तीन वाजता, विसर्जनाहून आल्यावर, तुम्ही फुली मारून दिली होती तिथे."

यावर मात्र काकाही हसले आणि चर्चेतला ताण गेला. मग विम्याचे काय करायचे, यावर बोलणे आले. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांच्या आत ती परत करता येते. तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता, मुद्रांक आणि वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च कापून बाकी रक्कम मिळते. सुहासने मोबाईलवर तारीख पाहिली. सत्ताविसावा दिवस होता.

"उद्या अर्ज दे," दत्ता म्हणाला. "रक्कम तुझ्या हातात न देता कर्जखात्यात जमा करा आणि हप्ता कमी करा, असं स्पष्ट लिही. आणि नऊ दिवसांच्या व्याजाचं पत्र वेगळं दे, दोन्ही एकात घालू नकोस, नाहीतर एकाचं उत्तर देऊन दोन्ही बंद करतील."

"असं नाही लिहायचं," काका म्हणाले. तेवढ्यात त्यांनी खिशातून पेनही काढले होते. "विषय, संदर्भ, पॉलिसी क्रमांक, कर्जखाते क्रमांक, या क्रमाने. प्रत घेतल्याचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय शाखेतून हलायचं नाही. शिक्का सापडत नाही असं सांगतील. सापडतो." तेरा वर्षांत मी त्यांना इतके टवटवीत पाहिले नव्हते. महेशच्या पाठीवर कागद ठेवून त्यांनी उभ्या-उभ्या अर्ज लिहिला, आणि तो खरोखर इतका नेटका होता की दत्तानेही मान डोलावली. परत करण्याचे कारण काय लिहायचे, एवढ्यापुरता वाद झाला. दत्ताचे म्हणणे होते, 'अटी आत्ताच वाचल्या' असे लिहावे. काकांनी 'अटी मान्य नाहीत' असे लिहिले.

त्यांनी अर्जाच्या तीन प्रती केल्या, तिन्हींवर खाली बारीक फुली मारली आणि पेन सुहासच्या हातात दिले. सुहासने तिन्ही ठिकाणी सह्या केल्या आणि कागद परत दिले.

दत्ताने त्यांतली एक प्रत त्याच्या नाकासमोर धरली. सहीच्या वर, काकांच्या त्याच वळणदार अक्षरात, एक ओळ जादा होती: 'लिहिणावळ: कट्ट्यावरील सर्वांस कटिंग, अर्जदाराकडून.'