खडकवासल्यातून सोडलेलं पाणी 'वाया' जातं म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब

पुण्याजवळच्या खडकवासला धरणाचे दरवाजे उघडले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी तोच निरोप फिरतो: "हजारो क्युसेक पाणी नदीत सोडून दिलं. एवढ्यात पुण्याला वर्षभर पुरलं असतं! धरणं आपली, पाणी आपलं आणि उन्हाळ्यात कपातही आपल्यालाच. पाणी अडवा, नाहीतर नवं धरण बांधा." यंदा उत्तर लिहूनच टाकतो.

"वर्षभर पुरलं असतं." क्युसेक हा साठा नव्हे, वेग आहे: सेकंदाला एक घनफूट. साठा मोजतात टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत. 25 जुलै 2024 ला पुण्यातल्या नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा विसर्ग 35 हजार क्युसेकच्या घरात होता. तो अख्खे 24 तास टिकला असता तरी पाणी झालं असतं 3 टीएमसी. शहर वर्षाला 20 टीएमसीच्या आसपास पाणी उचलतं. म्हणजे जेमतेम दोन महिन्यांची सोय.

बरं, ते 3 टीएमसी ठेवणार कुठे? चारही धरणांची मिळून क्षमता 29 टीएमसी, पण सगळ्यांत खालचं खडकवासला 2 टीएमसीचंसुद्धा नाही. पानशेत, वरसगाव, टेमघर भरली की वरचं सगळं याच्याच पदरात. 35 हजारांची आवक असेल तर रिकामं खडकवासलाही सोळा तासांत काठोकाठ भरेल. ऐन जुलैत ते रिकामं नसतंच. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं, त्याचा लोंढा खडकवासल्याला पेलला नाही आणि तेही फुटलं. ती सकाळ पाहिलेले आजी-आजोबा अजून नारायण पेठेत भेटतील. त्यांच्यासमोर "पाणी अडवा" म्हणून बघा.

"नदीत गेलं म्हणजे वाया गेलं." मुठा संगमावर मुळेला मिळते, पुढे मुळा-मुठा भीमेला, आणि भीमेवर उजनी धरण आहे. 2024 च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे 50 टक्क्यांच्याही खाली, म्हणजे वापरायचा साठा संपून तळातल्या मृतसाठ्यात, गेला होता. ऑगस्टमध्ये ते भरलं, ते पुण्याकडच्या धरणांतून आलेल्या पाण्यावरच. सोलापूरकर पितात ते पाणी वाया गेलं म्हणायला जीभ कशी रेटते?

"धरणं आपली." अर्धवट खरं. खडकवासला एकोणिसाव्या शतकात बांधलं ते शेतीसाठी आणि पुण्यासाठी, दोन्हींसाठी. उजवा कालवा आजही हवेली, दौंड, इंदापूरकडे जातो. उन्हाळ्यात शेतीसाठी कालव्याचं आवर्तन सुटलं की आपण कुरकुरतो, पण त्या पाण्यावर त्यांचाही हक्क आहे.

"नवं धरण बांधा." भामा आसखेड धरणाचं पाणी जानेवारी 2021 पासून पूर्व पुण्याला येतंय. त्याआधी धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी जलवाहिनीचं काम कितीदा अडवलं, ते आठवा. शिवाय 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं महापालिकेच्या हद्दीत आली. टँकर काही थांबले नाहीत.

या निरोपात एकच गोष्ट पूर्ण खरी आहे: कपात आपल्याला भोगावी लागते. पण तिचं कारण दरवाज्यांत शोधण्यापेक्षा नळाच्या अलीकडे-पलीकडे शोधा. अलीकडे जुनाट, गळक्या वाहिन्या आणि मीटरविना चाललेला पुरवठा. पलीकडे सांडपाणी. घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के पुन्हा गटारातच जातं. धरणापेक्षा भरवशाचा हा साठा. पाऊस पडो न पडो, तो रोज भरतो. मुंढव्याला जॅकवेल (पाणी उपसायची विहीर) बांधलं ते यासाठीच: शहरानं शुद्ध केलेलं सांडपाणी वर्षाला 6.5 टीएमसी इतकं जुन्या बेबी कालव्यातून शेतीला द्यायचं आणि त्या बदल्यात धरणातलं स्वच्छ पाणी वापरायचं. कल्पना उत्तम. पण शुद्धीकरण कमी पडलं की शेतकऱ्याच्या वाट्याला फेस येतो, मग तो धरणातलंच पाणी मागतो, आणि त्यात त्याचं काय चुकलं?

आमच्याच सोसायटीत सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प आहे. बिल्डरनं ताबा देताना त्याच्यासमोर फोटो काढले होते. त्याची मोटर दोन वर्षं बंद आहे आणि फ्लशसाठी टँकरचं पाणी वापरतो आपण. निरोप पाठवणारे काका कमिटीत आहेत. "पुढच्या सभेत मोटरचा विषय घ्या," एवढंच त्यांना वेगळं लिहिलंय. निळी टिक अजून आलेली नाही.